मोडल्या घराचा पोळपाट

श्रोतेहो, माझे आजचे भाषण इतिहासाविषयी आहे. परंतु त्याचा आरंभ एखाद्या लढाईपासून किंवा तहापासून न करता आमच्या स्वयंपाकघरातील पोळपाटापासून करण्याची परवानगी मी आपणांकडे मागतो.

हा पोळपाट जुन्या सागाचा आहे. त्याच्या कडेपासून दोन बोटांवर, साधारण वाटाण्याएवढे, एक गोल ठिगळ आहे. तेथे कधी काळी एक चौकोनी, लोहाराने ठोकून घडविलेला खिळा होता. खिळा निघाला, भोक राहिले आणि कातारी मिस्त्रीने ते लाकडाच्याच खुंटीने बुजविले. सबंध पोळपाटाचा रंग पिवळसर तपकिरी, आणि ते ठिगळ मात्र किंचित काळसर. आमच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘‘हे काय हो?’’ आणि मग माझी आई पोळी लाटता लाटता त्या घराची हकीकत सांगू लागते.

ते घर इंदूरच्या स्नेहलतागंजात होते. होळकर राजघराण्यातील स्नेहलताराजे या राजकन्येचे नाव मिरविणारी ही आमची वस्ती. तिच्यातल्या एका रस्त्याला लोक अजूनही पत्थर गोदाम रस्ता म्हणतात. माझे आजोबा वसईकडून नोकरीच्या निमित्ताने इंदुरास आले आणि या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला. माझा जन्म तिथला. पुढे घर मोडकळीस आले, मालकाने ते पाडून नवी इमारत उभारावयाचे ठरविले, आणि त्यात गैर असे काही नव्हते. पाडकाम चालले होते त्या दिवशी आई पदर खोचून रस्त्यावर उभी होती. मजुरांनी माजघरावरची तुळई खाली उतरविली तेव्हा ती पुढे झाली आणि म्हणाली, ‘‘यातला हातभर तुकडा मला द्या.’’ तुळईचा सौदा आधीच झाला होता. लाकडाचा व्यापारी गाडी घेऊन आला होता. परंतु मिस्त्री भला माणूस. त्याने तुळईवरून हात फिरविला, ‘‘माँजी, ऐसी लकडी अब मिलती नहीं,’’ एवढेच म्हणाला, आणि व्यापाऱ्याची समजूत घालून हातभर तुकडा कापून दिला. त्याचा हा पोळपाट झाला. उरलेल्या ढलप्यांतून एक वीतभर उंचीचा क्रूस झाला. तो आमच्या दारावर आहे.

मी शाळेत इतिहास शिकवितो. अमुक वाडा अमुक साली कोणी बांधला आणि तमुक साली कोणी जाळला, हे मी मुलांकडून वर्षानुवर्षे पाठ करवून घेत आलो. परंतु पडलेल्या घराचे पुढे काय होते, त्याच्या तुळया, चौकटी, कडीकोयंडे, विटा, कौले कोठे जातात, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत कधी सुचला नव्हता. बांधणाराचे नाव शिलालेखात असते, जाळणाराचे नाव बखरीत असते. पडलेले वेचणाराचे नाव मात्र कोठेच नसते. आज आपण या वेचणाऱ्यांचा मागोवा घेऊ.

इंदूर हे मुळात दगड आणि लाकूड यांचे शहर. याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे आमचा राजवाडा. सात मजल्यांची ही वास्तू. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे. १८०१ साली शिंदे व होळकर यांच्या वैरात सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले आणि राजवाड्यासही आग लावली. दुसरे मल्हारराव होळकर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८११ ते १८३३ या काळात, दिवाण तात्या जोग यांच्या देखरेखीखाली तो पुन्हा उभा राहिला. दरम्यान १८१८ साली मंदसोरचा तह झाला आणि इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. पुढे १९८४ सालच्या दंगलीत राजवाड्यास पुन्हा आग लागली आणि लाकडाचे ते वैभव मोठ्या प्रमाणात नष्ट झाले. दगड उरला. जाळलेल्या घरात आणि पाडलेल्या घरात हाच फरक असतो. जाळलेले घर राख होऊन जाते. पाडलेले घर, कोणी वेचणारा भेटला तर, शंभर घरांत वाटले जाते.

राजवाड्याच्या आसऱ्याने जी मराठी वस्ती इंदुरात वाढली, तिचे वाडेही त्याच धर्तीचे होते. काळ्या दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब, तुळया, कडीपाट, वर कौले. असा वाडा पडला की त्यातील प्रत्येक वस्तूचे पुढचे स्थान जुन्या लोकांनी जणू ठरवून ठेवलेले असे. तुळईचे चौरंग, पाट आणि पोळपाट होत. दाराच्या फळ्यांचे बाक होत, देव्हारे होत, दुकानाचे गल्ले होत. चौकटीच्या उभ्या लाकडातून मुसळ निघे. जोत्याचा चांगला घडीव चिरा मिळाला तर पाथरवट त्याचा पाटा करी आणि त्यावर टाकी लावून तो बाईच्या स्वाधीन करी. माळव्याचा आणि देशावरचा काळा दगड एकाच जातीचा, त्यामुळे पुण्याकडून आलेल्या सासुरवाशिणीला इथला पाटा परका वाटत नसे. बिजागऱ्या आणि पट्ट्या लोहाराच्या भात्यापुढे जात आणि विळीचे पाते, उलथने किंवा चिमटा होऊन परत येत. वाकलेले खिळे सरळ करावयाचे काम बहुधा घरातल्या मुलांकडे असे. दगडावर खिळा धरावा आणि हातोडीने हळूहळू सरळ करावा; डाव्या हाताचे बोट सांभाळण्याचा पहिला धडा आमच्या पिढीतही काहींनी असाच घेतला आहे.

फुटकी वीट आणि फुटके कौल यांचेही तसेच. वीट कुटून तिची सुर्खी करावी, ती चुन्यात मिसळावी आणि घाणीत मळावी, म्हणजे जो माल तयार होतो तो नुसत्या चुन्यापेक्षा अधिक पक्का असतो. ओलाव्यातही तो धरतो. याचे कारण असे की चांगल्या भाजलेल्या मातीची बारीक पूड चुन्याशी संयोग पावते आणि पाण्याने न विरघळणारा बंध निर्माण करते. प्राचीन रोमन लोकांनाही ही युक्ती अवगत होती; त्यांच्या हौदांना व स्नानगृहांना फुटक्या कौलांची पूड घातलेला असाच गिलावा असे. सिमेंट सर्वत्र होण्यापूर्वी आपल्याकडील पूल, विहिरी आणि वाडे याच सुर्खीवर उभे होते. म्हणजे एका घराची फुटकी वीट दुसऱ्या घराच्या भिंतीचा जीव होत असे. त्यातून जी पूड उरे ती चिंचेच्या कोळाबरोबर पितळी भांडी घासावयास जाई. आणि कौलाचा जो तुकडा कुणालाच नको असे, तो आम्हां पोरांचा. ठिकरी खेळावयास चपटा तुकडा हवा, आणि लगोरीस, म्हणजे आमच्या इंदुरी बोलीतल्या सितोलियास, सात हवेत. आमच्या खिशांत जुन्या इंदुरातले बरेचसे छप्पर जमा होते असे म्हटले तरी चालेल.

जुन्या लाकडाला एवढी मागणी का, असे कोणी विचारील. साग सावकाश वाढतो. त्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहजासहजी शिवत नाही. शंभर वर्षे घरात राहिलेला साग पुरता वाळलेला असतो. फुगणे, आकसणे, वाकणे हे जे काय व्हावयाचे ते त्याचे होऊन गेलेले असते. म्हणून सुतार जुन्या तुळईवर हात फिरवून डोळे मिटतो. मुंबईकडे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातील मोलमीनसारख्या बंदरांतून सागाचे ओंडके समुद्रमार्गे येत, आणि मुंबईच्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत, गॅलऱ्यांत, तुळयांत तो ब्रह्मी साग बसला. आता त्या इमारती एकामागून एक पडत आहेत, आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात त्याच सागाची टेबले, आरसे आणि कपाटे होऊन विकली जातात. ज्या कठड्यावर रेलून एखाद्या गिरगावकराने गणपतीची मिरवणूक पाहिली असेल, तो कठडा आज एखाद्या परक्या शहरात आरशाची चौकट झालेला असेल. घेणाराला ते ठाऊक नसते. विकणारालाही बहुधा नसते.

इथे मला एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. पडक्या वास्तूतून वस्तू जातात त्या नेहमीच राजीखुशीने जातात असे नाही. माझे पूर्वज वसईचे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. त्या मुलखातील चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हा इसवी सन कोरलेला आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर, १७०७ सालची अशीच एक घंटा आहे. लहानपणी आजोबांबरोबर नाशिकला गेलो असता त्यांनी मला ती घंटा दाखविली. मला वाटले, ते रागावतील. ते इतकेच म्हणाले, ‘‘वितळवून तोफ केली असती तर? वाजते आहे, हे बरे.’’

आजोबांचे ते वाक्य मला पुढे इतिहासाच्या कित्येक ग्रंथांपेक्षा उपयोगी पडले. घंटा जिंकून नेली हे खरे, ते लपविण्याचे कारण नाही. परंतु तिच्यावरील सन कोणी खरडून काढला नाही, आणि ती कोठून आली हे नाशिकचा माणूस आजही सांगतो. वस्तू गेली, पण तिची हकीकत तिच्याबरोबर गेली. गोव्यातही असेच घडले आहे. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचे भव्य चर्च ओस पडले, १८४२ साली त्याची कमान कोसळली; पण तिथली घंटा १८७१ साली पणजीच्या चर्चमध्ये चढविली गेली, आणि आज पणजीकर ती ऐकतात तेव्हा ती कोणाची हे त्यांना माहीत असते.

वस्तूबरोबर हकीकत पाठविण्याची ही कला परदेशांत एका माणसाने धंदा म्हणून हाती घेतली, त्याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जनतेने बास्तीय हा तुरुंग सर केला. तो पाडण्याचे काम पालोय नावाच्या एका बांधकाम कंत्राटदाराने लगोलग हाती घेतले. शेकडो मजूर लावून त्याने तो प्रचंड किल्ला दगड दगड करून उतरविला. पुष्कळसा दगड सेन नदीवरील एका नव्या पुलाच्या कामी आला. तो पूल १७९१ साली पुरा झाला आणि आजही वापरात आहे. परंतु पालोयची खरी करामत पुढेच आहे. बास्तीयच्या दगडातून त्याने बास्तीयच्याच लहान लहान प्रतिकृती कोरवून घेतल्या आणि फ्रान्सच्या त्या वेळच्या ८३ विभागांना एकेक पाठविली. तुरुंगातील साखळ्यांच्या लोखंडाची पदके पाडली. दगडांच्या दौती केल्या, कागदावर ठेवावयाची वजने केली. तिथल्या संगमरवराचा डॉमिनो खेळाचा एक संच करून तो राजपुत्राच्या हाती देण्यात आला. ज्या राजाच्या नावाने त्या तुरुंगात माणसे कोंडली जात, त्याच राजाचा मुलगा त्याच तुरुंगाच्या दगडांनी खेळू लागला. पालोयला नफा हवा होता, यात शंका नाही. तरीही तो १८३५ साली दारिद्र्यातच वारला. पण त्याने एक गोष्ट ओळखली होती. नुसता दगड कोणी घरात ठेवीत नाही. दौत ठेवतात, कारण तिचा रोज उपयोग होतो, आणि रोज हाताळली जाणारी वस्तू रोज आठवण देते.

दुसरे उदाहरण लंडनचे. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ब्रिटिश पार्लमेंटचे हाऊस ऑफ कॉमन्सचे सभागृह जळून पडले. त्याचा ढिगारा तसाच टाकून न देता त्यातील दगडाच्या व लाकडाच्या रक्षापात्रे, पुस्तकांचे आधार, तंबाखूच्या बरण्या अशा वस्तू करण्यात आल्या, सोबत त्या कशापासून केल्या याचा दाखला देण्यात आला, आणि विक्रीचे पैसे रेडक्रॉसच्या कार्यास गेले. सभागृह पुन्हा बांधून १९५० साली उघडले. त्या वस्तू मात्र कोणाच्या टेबलावर, कोणाच्या फडताळात आपले काम करीत राहिल्या.

आता पुन्हा आमच्या इंदूरकडे वळू. १९१७-१८ साली तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारास इंदुरास बोलाविले. शहरात प्लेग आणि हिवताप होता. जुनी मोहल्ले सरसकट पाडावीत असा त्या काळचा अनेक अधिकाऱ्यांचा कल असे. गेडीस यांचे मत उलट होते. आपल्या १९१८ सालच्या अहवालात त्यांनी सांगितले ते असे, की कसलेला वैद्य रोगी अवयवापुरताच चाकू लावतो, तसे शहराचेही करावे. जे घर दुरुस्त होऊ शकते ते पाडू नये. त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढविली. जे लोक आपली घरे झाडून-दुरुस्त करतील त्यांच्या रस्त्याने ती जाईल असे जाहीर केले, आणि लोकांनी गाडीगाडीने कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढरे कपडे घालून, झेंडूच्या माळा लेवून, रंगविलेल्या गाड्यांसह मानाने चालले होते. वेचणाऱ्या आणि झाडणाऱ्या माणसाला मिरवणुकीत स्थान मिळाले, अशी उदाहरणे आपल्या इतिहासात फार थोडी आहेत.

शंभर वर्षांनी त्याच शहराने स्वच्छतेत नाव काढले; २०१७ पासून लागोपाठ कित्येक वर्षे देशातील पहिल्या क्रमांकाचा मान इंदूरकडे आला. बांधकामाच्या आणि पाडकामाच्या मलब्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली स्वतंत्र नियम केले, आणि इंदूर महापालिकेने देवगुराडिया येथे या मलब्यावर प्रक्रिया करणारा कारखाना उभा केला. तिथे पडक्या घरांचा ढीग येतो. त्यातील लोखंड, लाकूड, प्लॅस्टिक बाजूला होते. उरलेले यंत्रात भरडले जाते, चाळले जाते, खडी आणि रेती वेगळी होते, आणि सिमेंटबरोबर दाबून तिचे पदपथावर बसवावयाचे ठोकळे आणि विटा तयार होतात. आपण ज्या फरसबंदीवरून भाजी आणावयास जातो, तिच्यात कोणाची तरी ओसरी, कोणाचे तरी माजघर भरडून गेलेले असू शकते. हे काम उत्तम आहे. नाल्यात आणि तळ्यात मलबा लोटण्यापेक्षा कितीतरी चांगले आहे. माझ्या आजीची सुर्खी आणि देवगुराडियाचा ठोकळा यांत तत्त्वाचा फरक काही नाही.

तरीही एक फरक आहे, आणि तो सांगण्यासाठीच हे सारे मी बोललो. भरडण्याच्या यंत्रात शंभर घरे एक होतात. तेथून ठोकळा निघतो, हकीकत निघत नाही. यंत्राकडून ती अपेक्षाही करू नये. हकीकत सांभाळणे हे घरातल्या माणसांचे काम आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत.

गेल्या वर्षी मी वर्गातील मुलांना एक काम दिले. आपल्या घरात एखाद्या जुन्या, पाडलेल्या घरातून आलेली वस्तू असेल तर तिच्याविषयी दहा ओळी लिहून आणा, असे सांगितले. बहुतेकांना वाटले, आपल्याकडे तसले काही नसणार. पण आठवड्याने वह्या आल्या तेव्हा मीच चकित झालो. कोणाकडे जुन्या खिडकीच्या गजांची कढई ठेवावयाची घडवंची होती. एकाच्या आजोबांनी तीन घरे बदलली, पण प्रत्येक ठिकाणी तीच खुंटी भिंतीत ठोकली. एका मुलीच्या घरी पाणी ठेवावयास जो दगड आहे तो पूर्वी खांबाखालचा उथळा होता, आणि त्याच्या मधला खळगा पाहून ती समजत होती की तो चिमण्यांसाठीच केला आहे. आजीला विचारल्यावर तिला खांब कळला, खांबावरून ओसरी कळली, ओसरीवरून आजीचे लग्न कळले. दहा ओळी सांगितल्या होत्या. तिने चार पाने लिहिली. ती मुलगी इतिहासात नेहमी जेमतेम पास होणारी.

आणि आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. आमच्या कपाटाच्या खणात एक लोखंडी कोयंडा आहे. जड, हाताने घडविलेला, टोकाला कमळाच्या कळीसारखा आकार दिलेला. आजोबांनी तो वसईहून इंदुरास आणला. एवढे मला ठाऊक आहे. कोणत्या दाराचा, ते दार कोणी लावले आणि शेवटचे कोणी उघडले, चार जोडी कपडे घेऊन परगावी निघालेल्या माणसाला एवढे वजनाचे लोखंड बरोबर का घ्यावेसे वाटले, हे मी त्यांना कधीच विचारले नाही. ते वारले तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. विचारावयास वेळ पुष्कळ होता. मी त्या वेळी सनावळ्या पाठ करीत होतो.

श्रोतेहो, आपल्या घरात अशी एखादी वस्तू असेल, आणि तिच्याविषयी सांगू शकणारे माणूस अजून हयात असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. कागदावर टिपून घ्या, आणि तो कागद वस्तूच्या तळाशी चिकटवून ठेवा. आमच्या पोळपाटाखाली मी तसा कागद चिकटविला आहे. आई हसली; म्हणाली, धुताना निघून जाईल. निघाला की मी पुन्हा लिहून चिकटवितो. आतापर्यंत तीनदा चिकटविला.